जगदेव पेंटरनं काढलेली चंद्री

जगदेव पेंटर आणि लसवाले साहेब ओट्यावर भांडत होते, तेव्हा आवडाबाई आत भाकरी थापत होती. दार उघडंच होतं, आणि नवऱ्याचं भांडण ऐकायला काही वेगळे पैसे पडत नाहीत.

साहेब देवीची लस टोचायला मंगरूळपीरला आलेले. बाजारात टांगायला त्यांना कापडी पोस्टर पाहिजे होतं, आणि त्यावर सरकारी कागदावरचा सगळा मजकूर.

"एवढं लिहिलं तं मुंग्या चालल्यावानी दिसन, साहेब," जगदेव म्हणाला. "बाजारात माणूस डोक्यावर टोपलं घेऊन चालते. त्याले थांबाले फुरसत नाही, अन् वाचता तं येतच नाही."

"मग काय, कोरं कापड टांगू?"

"अर्धं कोरंच ठेवा. मधात एक तोंड. कुठूनबी पायलं तं आपल्याकडेच पाहून राह्यलं, असं. खाली मोठ्या अक्षरात, टोचून घ्या. बस."

"तोंड कोणाचं?"

जगदेवनं बोटाचा रंग धोतराला पुसला. "हाय मायाजवळ एक."

आवडाबाईची भाकरी तव्याबाहेर पडली. चंद्री, त्यांची एकुलती एक लेक, मागच्या फागुनात देवीच्या रोगानं गेली होती. लोक रोग म्हणत नसत, माता आली म्हणत. चंद्रीचा फोटो कोणी कधी काढला नव्हता.

साहेब कुरकुरत तयार झाले. ते गेल्यावर आवडाबाई बाहेर आली.

"लेकीले बाजारात बसवता?"

"मले दुसरं कोणाचं तोंड आठवतच नाही वं."

ती आत जाऊन राखेतली भाकरी झटकत बसली.

तसा जगदेव काही मोठा कारागीर नव्हता. तंबूतल्या सिनेमाची पोस्टरं रंगवायचा, पण नटी कोणतीही असो, नाक आवडाबाईचंच यायचं. "त्या बायांनी पायलं तं चपलीनं मारतीन तुमाले," ती म्हणायची. चंद्री मात्र त्याच्या हातून खरी उतरली. कापडाच्या पिवळ्या जमिनीवर तोंड, तोंडभर फोड, आणि डोळे सरळ समोर.

दोन बाजार आवडाबाई तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या बाजारी गेली, तर पोस्टरखाली दहीभात ठेवलेला, निंबाचा पाला, हळदकुंकू. एक बाई आपल्या लेकराचं डोकं तिथं टेकवत होती. "मातेच्या पाया पड, म्हणजे आपल्या घरी येत नाही ते." लस टोचणारा पलीकडे एकटाच माशा वारत बसलेला. मातेसमोर सुई लावून कोण तिचा कोप ओढवून घेईल?

आवडाबाई घरी आली.

"थांबतात का लोक?" जगदेवनं विचारलं.

"थांबतात. हात जोडतात अन् जातात."

जगदेवच्या हातातला ब्रश खाली आला. "साहेबाचंच ऐकाले पाहिजे होतं."

"साहेबाचं जाऊ द्या चुलीत. तिच्या तोंडावरचे फोड पुसा."

"मंग रोग कसा दिसन?"

"रोग समद्यांनी पायला हाय. भेलेलं माणूस हातच जोडते. तिले बरी करा. दंड पुढं करू द्या, अन् दंडावर टोचल्याचा वण काढा."

तिले बरी करा, हे आपणच काय बोललो ते तिला मागाहून कळलं.

जगदेवनं कापड सोडवून आणलं. एकेक फोड रंगाखाली गेला.

"गाल एवढे भरलेले नव्हते तिचे," तो म्हणाला.

"आता हायेत."

पुढच्या बाजारी दहीभात दिसला नाही. काही जण टोचणाऱ्याकडे गेले, बरेच नुसते पाहून पुढे गेले. उन्हाळ्यात माता आलीच, आणि मंगरूळात लेकरं गेलीच. पोस्टर अजून आधी लागलं असतं तर, असं जगदेव दरवेळी म्हणायचा. आवडाबाईला ते ऐकवत नसे, कारण तसं पाहिलं तर पोस्टरवर ते तोंड आलं होतं ते चंद्री गेल्यामुळेच.

ऊन रंग खायचं. दरसाली साहेबाचा निरोप यायचा, दरसाली जगदेव नवं कापड रंगवायचा, कधी मालेगावासाठी, कधी मंगरूळसाठी. चंद्री तेवढीच राहिली. त्याला खोकला लागला, गालांची हाडं वर आली.

शेवटची खेप पोहरादेवीची, चैतातल्या जत्रेची. आवडाबाई म्हणाली, दुसऱ्या कोणाले धाडा. जगदेवनं ऐकलं नाही, म्हणून रंगाचा डबा घेऊन तीही गेली. मोटरगाड्या सुटतात तिथं, उंचावर, त्यानं स्वतः कापड बांधलं. मग खोकत खोकत गर्दीच्या पार मागे गेला, तिथून डोळे बारीक करून पाहिलं. परत आला, एका कोपऱ्याची सुतळी आवळली.

"दिसते का दुरून?" तिनं विचारलं.

"दिसते," तो म्हणाला. "चाल, मोटर जाईन."