तपास चालू आहे

चोरीला गेलेल्या मोटरसायकलच्या पंचनाम्याची नक्कल मिळावी म्हणून मी डहाणूच्या पोलीस कचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता. तिथल्या बाकावर नरपडच्या एक मावशी हमखास भेटायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. पदराला सुक्या बोंबलांचा वास आणि दोन्ही हातांत हिरव्यागार बांगड्या. त्यांचा नवरा मच्छीमारी बोटीवरून बेपत्ता झाला होता. तपासाचे कागद मिळावेत म्हणून त्या अर्ज करायच्या आणि दर वेळी एकच उत्तर यायचं: तपास चालू असल्याने कागदपत्रे देता येत नाहीत. कारकुनाकडून ते वाचून घेऊन त्या पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि पुन्हा अर्ज करायच्या.

एकदा माझं डोकं सटकलं. "मावशी, हे लोक तुम्हाला गुंडाळतायत. वरच्या साहेबांकडे अपील करा. मी लिहून देतो," म्हणत मी पेन काढलं.

"अपील नको, भाऊ. दीर सारखा म्हणतो, वहिनी, दिवस करा, बांगड्या उतरवा. मग मी हे पत्र त्याच्यापुढे ठेवते. सरकार अजून शोधतंय, तू कोण ठरवणारा? अपिलात 'तपास बंद' असं लिहून आलं तर काय करू?"

तेवढ्यात कारकुनाने हाक मारली. मावशींनी पदर सारखा केला आणि खिडकीशी गेल्या.

"तेच आहे ना?"

"तेच आहे, मावशी."

त्या परत येऊन बसल्या. माझं पेन अजून उघडंच होतं.

"आता लिहा," त्या म्हणाल्या, "पुढचा अर्ज."

मी लिहिला. जुना समोर ठेवून, शब्दही न बदलता.