शेवटच्या बाकाचा वाटा

लातूरच्या क्लासमधलं लेक्चर इंटरनेटवरून नांदेडच्या शाखेत पडद्यावर दिसायचं. पण चित्र सारखं अडकायचं, म्हणून मला लातूरच्या क्लासमध्ये दुरुस्तीला बोलावलं. इंटरनेटची लाइन एकच, आणि क्लासच्या हॉस्टेलची पोरं सराव पेपरही तिच्यावरूनच उतरवायची. मी राउटरमध्ये नियम घातला: आधी लेक्चर, मग बाकी सगळं.

नांदेडहून फोन आला, "लई भारी दिसून राहिलंय!" मी खुर्चीतून उडालोच.

अर्ध्या तासात हॉस्टेलची पोरं दारात. "पेपर उघडूनच नाही राहिला!" लेक्चर अख्खी लाइन खात होतं, मागच्यांचा नंबरच लागत नव्हता.

"राहू दे, लेक्चर चालू आहे ना?" क्लासचे मोठे सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. याच सरांकडे मी दोन वर्षं गणित शिकलो होतो. टेस्टच्या मार्कांवर बाक मिळायचा. माझा कायम शेवटचा. तिथून फळा कमी आणि पुढच्यांची डोकीच जास्त दिसायची. मी परत राउटर उघडला आणि लाइनीचा थोडा वाटा मागच्यांसाठी राखून ठेवला. लेक्चरनेही त्याला हात लावायचा नाही! चित्र अडकलं नाही आणि पेपरही धडाधड उघडले. पोरं ओरडली, मीही ओरडलो.

सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा वाटा कुणाचा?"

"शेवटच्या बाकाचा, सर. मी तिथंच बसायचो."

सरांनी चष्मा काढून मला निरखून पाहिलं.

"तू आपल्याच क्लासचा?"