हँगरमधला सकाळचा वास

नागपूरजवळच्या एका खासगी हँगरमध्ये लहानू गजभिये जुन्या, छोट्या विमानांच्या पेट्रोलच्या टाक्या दुरुस्त करी. सांधलेली टाकी कापडी पंखात परत बसवली, की तो ती काठोकाठ भरून हँगर बंद करून जाई. सकाळी सगळ्यांच्या आधी तो एकटाच आत शिरे आणि हुंगे. पंखाच्या आत झिरपलेलं पेट्रोल डोळ्यांना दिसत नाही, पण बंद हवेत त्याचा वास साचून राहतो. लहानूने मान हलवल्याशिवाय कोणी विमानाला हात लावत नसे.

या हिवाळ्यात तापातून उठल्यावर त्याला वास येईनासा झाला. घरी वरण करपलं, तरी धूर दिसेपर्यंत त्याला कळलं नाही.

"नाक हँगरातच ठेवून आले का?" त्याची बायको कांताबाई म्हणाली.

तो हसला. हँगरमध्ये मात्र तो कुणाजवळ बोलला नाही. नाकाशिवाय आपण तिथे कोण, हे त्याला उमजेना.

आज तरुण वैमानिक अश्विन टाकी सांधलेलं एक विमान उडवणार होता. लहानू आत उभा राहिला. हवा त्याला काहीच सांगेना.

"काका, झोपले का आत?" अश्विन दारातून ओरडला.

मान हलवणं फार सोपं होतं.

"इकडे ये गा. मले वास येतच नाही आता."

अश्विन थट्टा समजून हसत आला आणि पंखाजवळ थबकला. "येऊन राहिला, काका. पेट्रोलच."

"कुठं? वाक जरा. नाक काय फोटोसाठी दिलं तुले?"

अश्विन हुंगत पंखाच्या कडेने सरकला. लहानू खडू घेऊन त्याच्या मागे चालला.

"इथं."

लहानूने खूण केली आणि टाकी उपसायला डबे आणायला गेला.