ताप उतरल्यानंतरची नजर

डॉ. कमलाबाई राव यांची आणि माझी ओळख एका साध्या सर्दीमुळे झाली. लग्नानंतर मी साताऱ्याहून तांबरमला आले. यजमान मोटारींच्या कारखान्यात, मला तमिळ येईना, आणि आमची तान्ही ईरा शिंकली तरी मी घाबरून जाई. मागच्या गल्लीत मराठी बोलणाऱ्या डॉक्टर राहतात असे कळताच मी तिला कडेवर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. सरकारी इस्पितळात लहान मुलांवर उपचार करण्यात हयात घालवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

त्यांनी ईराला नीट तपासले आणि म्हणाल्या, "मुलीस सर्दी जाहली आहे. औषध नको."

"काहीच नको?"

"नाक स्वच्छ ठेव, अंगावर पाजत राहा. श्वास घेताना बरगड्या आत ओढू लागली किंवा पिईना झाली, तर मात्र वेळ न पाहतां ये."

त्यांचे घराणे तंजावरचे, तिथल्या मराठीत जुनी रूपे अजून टिकून आहेत. 'जाहली' हा शब्द मी पोथीबाहेर प्रथमच ऐकला. रिकाम्या हातांनी घरी परतले खरी, पण कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

पुढे त्या साऱ्यांप्रमाणे माझ्याही अक्का झाल्या. रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात रेल्वेतल्या, बँकेतल्या, संगणक कंपन्यांतल्या मराठी कुटुंबांची वर्दळ असे. कुणी मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या मुलाला द्यायला निघाले, की अक्का त्या काढून घेत. त्यांना रागावलेले मात्र कुणी पाहिले नाही.

ईरा पहिलीत असताना तिला डेंगी झाला. आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच उपचार चालले होते. एका सकाळी ताप उतरला. आम्ही साताऱ्याला फोन करून खुशाली कळवली. मी मऊ खिचडी टाकली. तेवढ्यात अक्का विचारपूस करायला आल्या.

"अक्का, ताप गेला!" मी आनंदाने म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. ईराजवळ बसून त्यांनी तिचे पाय हातात घेतले. पाय गार होते. पोटावर हात ठेवताच ती कण्हली.

"लघवी कधी केली?"

मला आठवेना. "रात्री केली असेल. सकाळपासून उलट्या होताहेत, पण त्या औषधांमुळे असतील."

"वैदेही, डेंगीत ताप उतरतो तेव्हांच जपावे लागते. आतां निघायचे."

यजमान म्हणाले, "संध्याकाळी नेतो ना अक्का. आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय."

"ही झोप नव्हे. हाक मारून पाहा."

त्यांनी हाक मारली. ईराने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. यजमान टॅक्सी आणायला धावले.

एग्मोरच्या मुलांच्या सरकारी इस्पितळापर्यंत ईराचे डोके अक्कांच्या मांडीवर होते आणि त्यांची बोटे तिच्या मनगटावर. वाटेतच त्यांनी तिथल्या डॉक्टरांना फोनवर तमिळमध्ये सगळी हकिगत सांगितली, त्यामुळे पोचताच सलाईन लागले. रक्तदाब उतरू लागला होता. आणखी उशीर परवडला नसता, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. मी रडू लागले, तेव्हा अक्का एवढेच म्हणाल्या, "दोन घास खाऊन घे. मुलीपाशी तुलाच बसायचे आहे." ईराने दहीभात मागितला त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्याआधी डोळे पुसले.

त्यानंतर आणखी काहीजणींप्रमाणे मीही रविवारी त्यांच्याशेजारी बसून आजारातली धोक्याची लक्षणे ओळखायला शिकू लागले. त्यांनी एकच मर्यादा घालून दिली: "रोगाचे नांव तूं सांगूं नको. ते डॉक्टरांचे काम. आतां थांबूं नका, एवढेच सांगावयास शीक."

गेल्या वर्षी या शिकवणीचा कस लागला. शेजारचे कुलकर्णी काका घामाने डबडबून बसले होते; छाती आवळल्यासारखी वाटत होती, डावा हात जड झाला होता. तरी ते म्हणत होते, "पित्त आहे गं. सोडा घेतो, उतरेल." मी रुग्णवाहिका बोलावली तेव्हा ते चिडले. "तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही ना काका, म्हणूनच डॉक्टरांकडे चला म्हणते."

हृदयविकाराचा झटका होता. उपचार वेळेवर मिळाले आणि काका सुखरूप घरी आले. मी धावत जाऊन अक्कांना सांगितले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आतां मी निश्चिंत."

अक्का, पंचाहत्तरीच्या या मंगल दिवशी तुमची ही निश्चिंती अशीच राहो. तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुम्ही शिकवलेल्या आम्ही सगळ्याजणी आता घरोघरी आहोत. मुलांच्या उशाशी आम्ही बसू. तुम्ही रविवारी सकाळी खुशाल उशिरा उठा.