डॉक्टरीणबाईंच्या सोप्यात

लढाई चालू होती त्या वर्षांत मला देवाची भीती वाटत असे. साताऱ्याच्या आमच्या गल्लीत आरती सुरू झाली की घसा आवळून यायचा आणि हातातला घास तसाच राहायचा. माझी अकरा महिन्यांची मुलगी तापाने गेली होती. मालक पलटणीबरोबर समुद्रापलीकडे होते. घरी येणाऱ्या एका महाराजांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हिनं विटाळात देव्हाऱ्याला हात लावला. म्हणून देवीनं लेक नेली." मी हात लावला होता की नाही, मला आठवत नव्हतं, पण ते इतक्या खात्रीनं बोलले की मलाही ते खरं वाटू लागलं. पुढची दोन वर्षं उपास, ओलेत्यानं प्रदक्षिणा आणि दर अमावास्येला त्यांच्यापुढं नाक घासून "मी माझी लेक खाल्ली" असं म्हणणं. सासूबाई शेजारी उभ्या असत. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही तसंच वाटत होतं.

शेवटी अन्न गिळेना, तेव्हा भाऊ मला आपल्या घरी सांगलीला न्यायला आला. निघताना सासूबाई म्हणाल्या, "अवसंच्या आत माघारी ये. न्हाईतर महाराज म्हणत्यात, माझ्या ल्योकाच्या जिवाला धोका हाय."

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. घशात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी माझ्या सोप्यात काही बायका बसतात. तुम्हीही या." तिथं दोनच नियम होते. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही आणि कुणी कुणाला उपाय सांगायचा नाही. मी तीन गुरुवार नुसती बसून राहिले. बागवानांची एक सून नवऱ्याच्या मरणाचा दोष तिच्या माथी कसा मारला गेला ते सांगत होती. तिचा दर्गा वेगळा, माझा देव्हारा वेगळा. पण ऐकताना ती माझीच गोष्ट वाटत होती.

चौथ्या गुरुवारी अमावास्या होती. मी साताऱ्याला गेले नव्हते. सोप्यात बसल्या बसल्या रडू फुटलं आणि सगळं बोलून गेले. मग वाट पाहत राहिले, आता कुणीतरी माझी चूक काढील म्हणून. हळदीच्या रानात राबणारी एक म्हातारी समोर बसली होती. तिनं विचारलं, "पोरीचं नाव काय हुतं गं?"

दोन वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. माझं पाप सगळ्यांच्या तोंडी होतं, पण तिचं नाव घरात कुणी घेत नसे. मी म्हणाले, "इंदू." म्हातारीनं ते नाव उच्चारलं, मग बागवानांच्या सुनेनं. तापात ती कशी माझं बोट धरून होती, मी किती रात्री जागले, ते सारं मग मी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मग तू तर लय केलंस की." तिनं फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती पुरती खाल्ली.

आठ दिवसांनी मालकांचं पत्र आलं. ते खुशाल होते. पत्र महिनाभर आधीचं, म्हणजे चुकलेल्या अमावास्येच्याही आधीचं होतं, हे मला कळत होतं. तरी त्या दिवशी कृष्णेच्या घाटावर जाऊन मी देवाला हात जोडले, आणि जोडताना भीती वाटली नाही.

आणखी दोन महिन्यांनी साताऱ्याला परतले. महाराजांपुढं येणार नाही, असं सासूबाईंना शांतपणे सांगितलं. त्या तडकतील असं वाटलं होतं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "तुझ्या मालकाच्या आधीची माझी दोन गेली. मलाबी असंच कायबाय म्हणायला लावलं हुतं." आणि पुढं विचारलं, "त्या बायांत मला एकदा घिऊन जाशील का?"

पुढच्याच गुरुवारी आम्ही दोघी सर्व्हिस मोटारीनं सांगलीला निघालो. देवाला शरण जाणं म्हणजे स्वतःला दोषी मानणं, असं मला शिकवलं होतं. त्या सोप्यात कळलं, की जे एकटीला पेलत नाही ते चारचौघींत खाली ठेवणं हीही शरणागतीच. त्या बायका मला डॉक्टरीणबाईंनी भेटवल्या की देवानं, हे मी विचारत नाही. रोज दिवा लावताना त्यांची आठवण काढते, आणि मग जेवायला बसते.