बूचकाकांची खिडकी

बूचकाका हे नाव त्यांना आमच्या मुंगीने दिलं. मुंगी म्हणजे माझी मुलगी. साखरेच्या डब्यापासून तिला कुणी लांब ठेवू शकत नाही, म्हणून ती मुंगी. आणि भोक दिसलं की हे बुजवल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून हे बूचकाका. माझे थोरले दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते.

आमचं घर तीन मजली, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. तळमजला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना भाड्याने दिलेला, मधल्या मजल्यावर भाऊजी आणि वहिनी, वर आम्ही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

भाऊजींची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. रस्त्याखालच्या नळाला कुठे गळती आहे, ते जमिनीला कान लावून ओळखायचं आणि ती बंद करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी कान निवृत्त झाला नाही. जेवताना मध्येच हात वर करून म्हणायचे, "गप्प बसा. कुठेतरी गळतंय." आणि खरंच कुठेतरी गळत असायचं. वहिनी म्हणायच्या, "माझी छाती एवढी शिट्टी वाजवते, ती बरी ऐकू येत नाही ह्यांना!"

ती ऐकू येत नव्हती असं नाही. तीच तर सगळ्यात जास्त ऐकू येत होती.

वहिनींना दमा लहानपणापासूनचा. त्यात इथली हवा. मीठ बरणीत पाझरतं, काडेपेटीच्या काड्या मऊ पडतात, कपाटात ठेवलेल्या चपलेवर आठवड्याभरात हिरवी लव येते. त्यांच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही हातभर, आणि तिच्याखालची भिंत कायम थंड आणि ओलसर. एकदा दम फारच वाढला तेव्हा डॉक्टर घरी आले, भिंतीला हात लावून पाहिला आणि भाऊजींना बाहेर बोलावून म्हणाले, "औषधं मी देतो, पण ह्या खोलीला हवा-उजेड द्या. अशा ओलीत त्या फार दिवस काढणार नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी हात धुवून खिडकीच्या मागे लागले.

गल्लीतला वारा भिंतीला समांतर वाहतो. सपाट खिडकी कितीही मोठी केली तरी तो समोरून निघून जातो. म्हणून त्यांनी भिंतीच्या बाहेर आलेली खिडकी ठरवली. बे विंडो म्हणतात तशी. बाहेरच्या बाजूला खिडकीखाली सिमेंटची रुंद पट्टी आधीपासून होतीच, तिच्यावर ती बसणार होती. दुकानात मला बरोबर नेलं. "तू कॉलेज शिकलेली, ती माहितीपत्रकं तू वाच. दुकानदाराचं तोंड मी वाचतो."

दुकानदार गोलाईची, पाच काचांची खिडकी गळ्यात मारू बघत होता. "काका, अगदी राजवाड्यासारखी दिसेल!"

"पाच काचा म्हणजे किती सांधे झाले? जितके सांधे, तितक्या गळत्या. राजाला परवडतं."

शेवटी तीन अंगांची ठरली. मधली काच कायमची बंद, दोन्ही बाजूंच्या तिरक्या झडपा उघडणाऱ्या, म्हणजे वारा कुठूनही आला तरी एक झडप त्याला आत वळवणार. लाकूड नको, फुगून अडकतं. लोखंडाचा प्रश्नच नव्हता. ॲल्युमिनियमवर खाऱ्या हवेने पांढरे फोड येतात, ते त्यांनी समोरच्या इमारतीत जाऊन बघितलं होतं. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, चौकट घेतली. खिशातून लोहचुंबक काढून प्रत्येक स्क्रूला लावून पाहिलं. चिकटला तो परत. दुकानदार वैतागला.

"काका, खिडकी घेताय की सोनं?"

"सोनं गंजत नाही. त्याला कशाला तपासू?"

भिंत फोडली तेव्हा वहिनी आमच्याकडे राहायला आल्या. घरभर सिमेंटची धूळ. "घर पाहावं बांधून म्हणतात," त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "माझं आपलं खिडकी पाहावी बसवून." चौकट बसली, काचा चढल्या. फिटर शेवटचं पुसत होता आणि भाऊजी वाकून चौकटीच्या खालच्या बाजूला काहीतरी न्याहाळत होते.

"हे काय? नव्या कोऱ्या चौकटीला भोकं?"

"ती असू द्या काका. वादळी पावसात थोडं पाणी रबराच्या कडेने आत येणारच. ते चौकटीच्या पोकळीत उतरतं आणि ह्या भोकांतून बाहेर पडतं. ती तेवढी बुजवू नका."

"अहो, कुणाला सांगताय!" वहिनी दारातून म्हणाल्या. "ह्यांनी बासरी घेतली तरी तिची भोकं बुजवतील!"

फिटर हसला, मी हसले. भाऊजीही हसले.

खिडकीच्या पोटात सुताराने प्लायवुडचं बाक करून दिलं. वर गादी, खाली पेटी. पेटीत जास्तीच्या रजया. त्या बाकावर वहिनी बसायला लागल्या आणि खरंच फरक पडला. रात्री उशांचा ढीग लावून बसल्या-बसल्या झोपणारी बाई आडवी होऊन झोपायला लागली. एक दिवस जिना चढून आमच्याकडे आली, मधे न थांबता. भाऊजी मागून प्रत्येक पायरीला, "हळू, हळू," आणि ह्या वरून, "तुम्ही या हळू, तुम्हालाच धाप लागलीय."

पुढच्या वर्षी आम्ही तशीच खिडकी करून घेतली. मुंगीला सर्दी-खोकला लवकर होतो, आणि तिला खोकला आला की मी रात्रभर तिच्या उशाशी बसते. तिचा अभ्यास, खाणं, दुपारची झोप, सगळं त्या बाकावर व्हायला लागलं.

मग तळमजल्याच्या बाईंनी आवाज चढवला. त्या नवं सुती कापड बेतण्याआधी भिजवून आटवतात आणि आमच्या खिडक्यांच्या खालीच दोरीवर वाळत घालतात. पाऊस थांबला तरी चौकटींतून तासभर थेंब पडत राहायचे, धुळीने मातकट झालेले.

"गिऱ्हाइकाला काय सांगू? कापड तुमचं, ठिपके वरच्या मजल्याकडून भेट?" त्या अंगणात उभं राहून ओरडायच्या. "आणि म्हणे पाणीखात्यात होते! गावाची गळती थांबवली आणि घराला चाळण!"

बाकी काहीही बोलल्या असत्या तर भाऊजींनी हसण्यावारी नेलं असतं. हे वाक्य त्यांना लागलं. बाईंचं नुकसान होतंय हेही त्यांना खुपत होतंच. दोन दिवस ते अंगणात उभं राहून वर चौकटींकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या नळ्या घेऊन आले.

"अहो, तो फिटर काय म्हणाला होता?" वहिनींनी विचारलं.

"पाणी आत येणार असं तो धरून चालला होता. मी येऊच देणार नाही. आत आलंच नाही तर बाहेर जायला भोक कशाला?"

ऐकायला पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. त्यांनी आधी त्यांच्या आणि मग आमच्याही खिडकीचा प्रत्येक सांधा बाहेरून भरला, आणि शेवटी ती भोकं बुजवली. इतकं सफाईदार काम की शोधूनही सापडू नये. थेंब थांबले. बाईंनी खूश होऊन वहिनींच्या बाकाच्या गादीला फुकट खोळ शिवून दिली, निळी, पांढऱ्या काठाची.

पण झडपा उघडायच्या म्हणजे त्यांच्या कडेची रबरं आली, आणि वाऱ्याने रेटलेलं पाणी रबराशेजारून येतंच. त्याला आता बाहेरची वाट नव्हती. ते चौकटीच्या आतल्या कडेने, भिंतीला धरून, बाकाच्या मागच्या फळीत उतरत राहिलं. वरून काही दिसत नव्हतं. गादी कोरडी, भिंत कोरडी, निळी खोळ कोरडी.

त्या पावसाळ्यात वहिनींचा दम परत वाढला. भाऊजी म्हणायचे, "खिडकीत बस. हवा घे." त्या बसायच्या. आणखी वाढला की ते पाठीला उशी लावून आणखी वेळ बसवायचे. पुढे तर त्यांचं अंथरूणच बाकावर घातलं. डॉक्टरांनी औषध बदललं, मग वाढवलं, मग वाफेचं यंत्र घरी आणायला सांगितलं. तेही बाकाशेजारी स्टुलावर ठेवलं.

"ह्या बाकाला वास येतो हो," वहिनी एकदा मला म्हणाल्या. "जुन्या पोत्यासारखा."

भाऊजींनी झाकण उचलून वरच्या रजया चाचपल्या, त्यांच्यावर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि झाकण लावलं. "माझ्या खिडकीत ओल? शक्य आहे का?"

शेवटी रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी, बाईंच्या शिलाई मशीनचा आवाज खालून येत असताना वहिनींचे ओठ निळे पडले. दवाखान्यात चार दिवस काढले. नाकातोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. एकदा त्यांनी तो बाजूला केला आणि भाऊजींना म्हणाल्या, "पाऊस आलाय. खिडकी उघडी तर नाही ना राहिली?"

"लावलीय," भाऊजी म्हणाले. "घट्ट लावलीय."

त्या गेल्यावर भाऊजी महिनाभर खोलीतल्या कशालाही हात लावत नव्हते. मग एक दिवस मला म्हणाले, रजया कुणाला तरी देऊन टाकू, पडून काय उपयोग. मी म्हटलं, मी येते मदतीला. म्हणाले, नको, मी काढतो.

दुपार होती. मुंगी शाळेतून येऊन बाकावर पाय पसरून बसली होती. तिला तीन आठवडे खोकला होता आणि मी वर्गातल्या मुलांना बोल लावत होते. दार वाजलं. भाऊजी हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि पातं घेऊन उभे. चेहरा राखेसारखा.

"तिला तिथून उठव."

"काय झालं भाऊजी?"

"आधी तिला उठव!"

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मुंगी घाबरून माझ्या मागे लपली. त्यांनी गादी खाली फेकली, झाकण उचललं, आतली खेळणी, चादरी, सगळं उपसलं. मग मागची फळी उचकटली. ती सुटली नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. तिच्या पाठीवर करडी-हिरवी लव होती, आणि कोपऱ्यात काळे डाग, ताटलीएवढे. जुन्या पोत्याचा तो वास खोलीभर पसरला.

"इथे अजून फळीपर्यंतच आहे," ते म्हणाले. "खाली तर..." खाली काय होतं ते मी नंतर पाहिलं. खालची रजई फळीला चिकटून निघाली होती, फळीसकट काळी.

ते झडपेतून कमरेपर्यंत बाहेर वाकले. मी त्यांचा सदरा मागून गच्च धरून ठेवला. स्वतःच लावलेलं ते सफाईदार सिलिकॉन ते पात्याने खरवडत होते. एक भोक मोकळं झालं आणि आतून तपकिरी पाण्याची धार लागली, मग दुसऱ्यातून. खालून बाई ओरडल्या, "अहो, परत? आत्ताच टाकलंय कापड!" वर पाहिलं आणि त्यांना भाऊजींचा चेहरा दिसला असावा. त्या कापड गोळा करून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला बांधली.

भाऊजी आत येऊन जमिनीवरच बसले. "त्याने सांगितलं होतं," म्हणाले. "तीही म्हणाली होती. आणि मी तिला रोज त्याच्यावर बसवत होतो."

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, त्याच्यामुळेच का. ते म्हणाले, "नक्की कसं सांगणार? फुप्फुसं आधीच थकलेली होती. पण बुरशीने भलं तर झालं नसणार." मी घरी येऊन भाऊजींना पहिली दोनच वाक्यं सांगितली. ते म्हणाले, "आणि तिसरं?"

दोन्ही बाकं आता काढून टाकली आहेत. भिंती खरवडून चुना दिला. खिडक्या तशाच आहेत. पाऊस पडून गेला की तासभर गळतात. परवा मुंगी खाली गेली होती. तिने विचारलं, "बूचकाका, ऐका, गळतंय! बूच मारायचं?"

"नको," ते म्हणाले. "गळू दे."

मुंगीला डॉक्टरांनी श्वासाबरोबर ओढायचं औषध दिलंय. तिच्या छातीत वहिनींसारखं काही आहे का, ते एवढ्यात सांगता येणार नाही, म्हणतात. पावसाळा जाऊ दे. ती आत झोपली आहे. तिचा श्वास ऐकत मी हे लिहिते आहे.

भाऊजी रोज सकाळी जिन्यात उभे राहून विचारतात, "रात्री खोकली का?"

मी म्हणते, "नाही, शांत झोपली."

रोज ते खरं असतंच असं नाही. ते मान हलवतात आणि खाली जातात. त्यांच्या आणि आमच्या खोलीच्या मधे फक्त एक स्लॅब आहे, आणि त्यांचा कान मला माहीत आहे.