बर्फावरच्या पोरींच्या वीस जर्सी

माझी अक्का बायकांच्या आइस हॉकी टीमची शिंपीण होती असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग म्हणतात, खरंच? खरंच हो. पद्मिनीकाकू म्हणून तुम्ही जिला ओळखता, मंडळाच्या गणपतीला दरवर्षी झालर लावून देणारी, तीच. मार्चमध्ये गेली. आपल्या मंडळाची रुचा म्हणाली, मावशी, दिवाळी अंकात काकूंबद्दल तुम्हीच लिहा. मी चौथी शिकलेली. मला लिहिता येत नाही, बोलता येतं. तर बोलतेय तसंच टाइप करतेय.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. बहात्तर साली चंद्रशेखर भावजींबरोबर साताऱ्याहून इकडे अमेरिकेत आली. मला बोलवायचे कागद तिने भरले, त्याला बारा वर्षं लागली. मी २००२ ला इथे टेक्ससला, प्लेनो गावात पोचले तोवर भावजी वारलेले, मुलगा निहार कॅलिफोर्नियात, आणि चार बेडरूमच्या घरात अक्का एकटी. ती एका दुकानात नवरीच्या ड्रेसांचं अल्टरेशन करायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "शोभे, इथे रडायचं नाही, इथे ड्रायव्हिंग शिकायचं." मी दोन्ही केलं नाही. रडले नाही, शिकलेही नाही.

पुढच्या वर्षी ते दुकान बंद झालं. अक्का बासष्टची, दुसरीकडे कोणी घेईना. तरी सकाळी साडेसहाला आंघोळ करून, पँट-टॉप घालून, केस विंचरून खिडकीत बसायची, जशी काही बस येणार आहे. आमच्या रस्त्याला कसली बस. दिवसाला पंधरा गाड्या आणि एक पोस्टमन. हळूहळू बोलणं कमी झालं. माझ्या आमटीला नावं ठेवायची बंद झाली तेव्हा मात्र मी घाबरले.

अशात एके दिवशी बेल वाजली. दारात एक पोरगी. पोरगी कसली, दार भरून गेलं होतं. समोरचा एक दात नाही, हनुवटीला टाके. मला वाटलं हिला नवरा मारतो. मी अक्काला म्हटलं, "पोलिसाला फोन कर." अक्का हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, "अगं ही कर्स्टन. हिच्या बहिणीचा लग्नाचा ड्रेस मीच लहान केला होता. ही खेळते."

तर कर्स्टन बायकांच्या आइस हॉकी टीमची कॅप्टन. नवीन टीम निघाली होती, नाव ट्विस्टर्स, आणि म्हणे प्रोफेशनल. मी अक्काला विचारलं, प्रोफेशनल म्हणजे पगार असेल ना? तर तसं काही नाही. कर्स्टन स्कूल बस चालवायची, गोलकीपर दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. टीमच्या दातांची निम्मी कामं तिथेच होत असणार. एकजण पोस्टात, दोघी कॉलेजात. नव्या जर्सी घेणं जमलं नाही म्हणून एका बंद पडलेल्या पुरुषांच्या टीमच्या वीस जर्सी गोळा केलेल्या. त्यावरचं जुनं नाव काढायचं, नवं लावायचं. दोन आठवड्यांनी पहिली मॅच.

अक्काने पिशवी घेतली आणि किचनमध्ये येऊन मला हळूच म्हणाली, "शोभे, हे नीट झालं तर पोरी परत येतील. नाही झालं तर मी आहे आणि ती खिडकी आहे." एवढंच.

रात्रीच्या जेवणाआधी तिने एक जर्सी टेबलावर पसरली. आमच्या दोघींची ओढणी करून उरेल एवढं कापड.

"हे काय गं," अक्का म्हणाली, "पोरी तरण्याताठ्या आणि घालायचं गोणपाट?"

"पुरुषांच्या आहेत ना त्या."

"तेच. नाव बदलून भागणार नाही. अंगाबरोबर करून देते. बघशील तू, खूश होतील."

मी म्हटलं, "त्यांना विचार तरी आधी."

"तू गप बस. ब्लाउज मी शिवते की तू?"

झालं. दुसऱ्या दिवशी फोन करून वीसही पोरींना मापाला बोलावलं. हॉलमध्ये ओळीने उभ्या, टी-शर्ट घालून. अक्का टेप लावून आकडे ओरडतेय आणि मी कॅलेंडरच्या मागे लिहितेय, छाती छत्तीस, कंबर तीस. पोरींना वाटलं असंच असतं. नवरीच्या दुकानातली बाई, तिला कोण विचारणार. गोलकीपरने तर पोट आत ओढून धरलं. अक्काने पोटावर टिचकी मारली, "श्वास सोड, बाई, जर्सीत मरशील."

दहा दिवस मशीन चालू. मला सकाळी चहाला हाक नाही, माझ्या आमटीला परत नावं सुरू. जुनं नाव काढून नवं लावलं, बाजू आत घेतल्या, कमरेला टक्स घातले, बाह्या बसवल्या. टीप अशी बारीक की मुंगी अडकावी. मी एक जर्सी अंगाला लावून बघितली तर म्हणाली, "तुला कुठे होणार, तू भात कमी कर."

शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही रिंकवर, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानावर. आत शिरले आणि दात वाजायला लागले. टेक्ससमध्ये सप्टेंबरात माणूस भाजून निघतो, आणि इथे स्वेटर आणायचं कोणी सांगितलं नाही. अक्काने पिशवी लॉकर रूममध्ये नेली, एकेक जर्सी घडीतून काढून दिली, आणि साखरपुड्यात सुनेकडे बघतात तशी बघत बसली.

पोरींनी आधी ते पॅड घातले. खांद्यावर हे एवढे, छातीवर फळी, कोपरावर डबे. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. अक्कापण. मग कर्स्टनने जर्सी डोक्यातून घातली. ती खांद्यावर अडली. एक हात वर, एक हात खाली, डोकं आतच. आतून काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही आणि बरं झालं. दुसरी पोरगी तशीच. तिसरीची टर्र आवाज करून बाही गेली.

मॅचला दीड तास. जिच्या अंगावर टीमची जर्सी नसेल तिला बर्फावर उतरू देणार नाही, असं अंपायरने दारातूनच सांगितलं. समोरची टीम ओक्लाहोमाहून बसने आलेली.

अक्का बाकावर बसली. मी म्हटलं, "अक्का, चुकलं गं."

"मला कळतंय. तू नको सांगू."

मग हळूच म्हणाली, "पण ह्या लढाईला जाणार आहेत हे कोणी सांगितलं मला?" आणि उठली. कर्स्टनला म्हणाली, "आत कापड आहे. मी एक इंच कापलेलं नाही."

हे अक्काचं जुनं. साताऱ्यात जिच्याकडे ती शिवण शिकली त्या बाईंनी सांगितलेलं, बाईचं अंग बदलत राहतं, कापड कापू नको, आत दुमडून ठेव. अक्का पन्नास वर्षं तसंच करत आली. मी कितीदा हसले होते तिला, तुझ्या ब्लाउजमध्ये आत दुसरा ब्लाउज निघतो म्हणून.

पण उसवायचं कसं? टीप अक्काची. दोन कात्र्या तिच्याकडे, एक टीमची, जखमेच्या पट्ट्या कापायची, आणि दातांच्या डॉक्टरकडची पोरगी गाडीतून काय काय टोकदार घेऊन आली. वीसजणी गुडघ्यांना पॅड लावून जमिनीवर बसल्या आणि उसवायला लागल्या. अक्का मध्ये उभी. "ओढू नको! टाका काप, कापड नाही!" एकीने विचारलं, एवढं बारीक का शिवलं? अक्का म्हणाली, "मला काय माहीत तू माझ्याच डोळ्यांसमोर फाडणार आहेस." आधी एक हसली, मग सगळ्या. कर्स्टन शेवटी हसली, पण हसली.

अकराला तेरा जर्सी मोकळ्या झाल्या. तेरा पोरींवर मॅच सुरू. बाकीच्या सात अक्का टीमच्या बाकामागे बसून उसवतेय. एक जर्सी झाली की एक पोरगी आत ढकलायची. मी दोरे वेचतेय. ती काळी चकती कुठे जाते मला एकदाही दिसली नाही. लोक ओरडले की मी ओरडायची, तर ते दुसऱ्या टीमचे लोक निघाले. शेवटची पोरगी बर्फावर उतरली तेव्हा चार मिनिटं राहिली होती. सहा-दोन हरलो.

घरी जाताना गाडी अक्का चालवत होती. लाल सिग्नलला थांबली, हिरवा झाला तरी थांबली, मागच्याने हॉर्न दिला. रविवार, सोमवार, मंगळवार साडेसहाला आंघोळ आणि खिडकी. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं, तरी गप खाल्ली.

बुधवारी बेल वाजली. कर्स्टन, आणि मागे ती वीस जर्सींची पिशवी, सगळीकडून दोरे लोंबतायत. म्हणाली, अक्का, शनिवारी मॅच आहे. आणि पिशवीतून खांद्याचे पॅड काढून टेबलावर ठेवले, "ह्याचं माप घ्या." अक्काने पॅड उलटेपालटे केले, टेप काढला आणि मला म्हणाली, "शोभे, कॅलेंडर आण. आणि आज आमटी खारट केलीस तर बघ."

मग चार वर्षं हे चाललं. टीम काही फार जिंकली नाही. नावं मात्र भरपूर. पहिल्या वर्षी ट्विस्टर्स, मग मालक बदलला तर ब्लूबॉनेट्स, मग तिसरा आला तर हॉक्स. अक्का दरवेळी जुनं नाव उसवायची आणि म्हणायची, आपल्यात लग्नात बाईचं एकदाच नाव बदलतात, ह्यांचं दरवर्षी. लांबलांबच्या टीम यायच्या, बघायला सत्तर माणसं, त्यात निम्मे आईबाप आणि दोन आम्ही. अक्का स्वेटरवर स्वेटर घालून बाकामागे, सुईदोरा घेऊन. चालू मॅचमध्ये एकीची बाही तिने अंगावरच शिवली, आणि अंपायर थांबला होता. तेव्हापासून मंडळातल्या बायका ब्लाउज टाकायला आल्या तरी अक्का विचारायची, आत काय घालणार आहेस, ते सगळं घालून ये. तुमच्यातल्या कितीजणी चिडल्या ते मला माहीत आहे.

२००७ ला ज्यांच्याशी खेळायचं त्या टीमच एकेक करून बंद झाल्या, मग हीपण. हे सांगायला कर्स्टन आली तेव्हा तीच रडत होती. अक्का म्हणाली, "रडू नको. पँट फाटत नाहीत का तुमच्या?" तर त्या पँट घेऊन यायला लागल्या. पडदे, युनिफॉर्म, एकीचा लग्नाचा ड्रेस. अक्का जानेवारीत हॉस्पिटलात गेली त्या दिवशीही मशीनवर कुणाचीतरी बाही होती.

जूनमध्ये बेल वाजली. गोलकीपर. तिची नोकरी दुसऱ्या गावाला, तिला कोणी कळवलं नव्हतं. हातात जॅकेट, चेन गेलेलं. माझ्या इंग्लिशमध्ये मी सांगितलं, अक्का गेली. ती पायरीवरच बसली. एवढी मोठी पोरगी, पायरी भरून गेली. मी तिच्या बाजूला बसले. बऱ्याच वेळाने ती उठली, जॅकेट उचललं आणि निघाली.

मला चेन लावता येत नाही. मला साधा काजही येत नाही, अक्का मरेपर्यंत त्यावरून बोलली. पण मी तिच्या हातातून जॅकेट घेतलं. म्हटलं, ठेवून जा. बुधवारी ये.